कांदाचाळ: एका फुकट ब्राउझर-खेळाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

खेळ एका वाक्यात बसला तरच हात घालायचा, असं ठरवलं होतं. बसला: मे महिन्यात भरलेली कांदाचाळ (कांदा साठवायची हवेशीर शेड) नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रिकामी करायची आणि रोज एवढंच ठरवायचं की आज किती काढायचा. नांगरणी नाही, पेरणी नाही, खतं-पाणी नाही. शेतीच्या खेळांत त्याचे लाड फार झालेत. खरा जुगार माल घरात आल्यावर सुरू होतो. आजोळ निफाड तालुक्यातलं, त्यामुळे हे मला वेगळं कुणी सांगावं लागलं नाही.

या खेळांचं घराणं जुनं आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या एमईसीसी या शैक्षणिक संगणक संस्थेसाठी बॉब जेमिसननं १९७३ मध्ये ‘लेमोनेड स्टँड’ लिहिला. १९७९ मध्ये तो ‘ॲपल टू’ या संगणकावर आला. खिशात दोन डॉलर, समोर आजचं हवामान, आणि तीन प्रश्न: पेले किती करायचे, पाट्या किती लावायच्या (एक पाटी १५ सेंट) आणि पेला कितीला विकायचा. मध्येच वादळ येतं आणि सगळं सरबत वाया जातं, नाहीतर रस्त्याचं काम निघतं आणि गिऱ्हाईकच फिरकत नाही. संपला खेळ. पन्नास वर्षांनंतरही कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मला तेवढंच हवंय, फक्त सरबताच्या जागी टिकणारा आणि तरीही सडणारा माल.

खेळ बनवायचं तयार इंजिन घेत नाही. साधं जावास्क्रिप्ट, चाळीच्या चित्रासाठी एक कॅनव्हास, बाकी नेहमीची एचटीएमएल बटणं. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीनं ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या फ्लॅशला निरोप दिला तेव्हा असे शेकडो छोटे खेळ एका रात्रीत मुके झाले. फेसबुकवरचा शेतीचा खेळ ‘फार्मव्हिल’ही त्याच दिवशी बंद झाला. रफल नावाच्या, फ्लॅशची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरनं त्यातले बरेच पुन्हा उठवून बसवले, ही त्या लोकांची कृपा. पण आपल्या खेळावर अशी वेळ येऊ नये म्हणून ब्राउझरला जे मुळातच कळतं त्यातच लिहायचं.

वेळेचं गणित: १ मे ते १५ नोव्हेंबर म्हणजे १९९ दिवस. एक दिवस तीन सेकंदांचा धरला तर हंगाम दहा मिनिटांत आटोपतो. जेवणाच्या सुट्टीत एक डाव व्हायला हरकत नाही.

७ जून, शनिवार

कांदा कसा कमी होतो ते आज कोडमध्ये घातलं. चाळीत सहा कप्पे, प्रत्येकी ४० क्विंटल, एकूण २४०. घट तीन वाटांनी होते आणि तिन्हींचा हंगाम वेगळा. पहिली वजनाची: कांदा पाणी सोडतो, मे महिन्याच्या उन्हात जास्त. दुसरी सड: जून-जुलैत हवा दमट आणि उकाडा कायम, तेव्हा ती जोर धरते. तिसरी कोंबांची: पावसाळा सरताना गारवा येऊ लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरात मोड फुटायला लागतात. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. अशा साठवणुकीत चार-पाच महिन्यांत एकूण घट साधारण ३० ते ४० टक्के होते, हा तिकडच्या लिखाणातला नेहमीचा आकडा. मी वक्र त्या बेतानं बसवले.

सड मात्र सरळ टक्क्यांनी कमी करत नाही. ती कप्प्यात पसरते: आज जितकी आहे त्यावर उद्याची ठरते. सुरुवातीला नगण्य, पंधरा दिवसांत अर्धा कप्पा. थराची उंचीही धरली आहे. चार-पाच फुटांपर्यंत ठीक. त्यावर रचला की खालच्या कांद्यावर भार येतो, हवा खेळत नाही. खेळाडूला सुरुवातीला विचारतो: सहा कप्पे नीट भरणार, की पाचच कप्प्यांत दाबून एकाचं भाडं वाचवणार? बरेच जण दाबतील असा माझा अंदाज आहे.

१२ जून, गुरुवार

मामांना व्हिडिओ कॉलवर पहिला आराखडा दाखवला. प्रत्येक कप्प्यावर एक पट्टी होती, हिरव्यातून लाल होत जाणारी: ‘सड १८%’. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “अगं, चाळीत कुणी टक्केवारी लावून ठेवतं का? सकाळी बाजूनं गेलं की नाकाला कळतं.”

“मामा, मोबाईलला वास कसा देऊ?”

“मग चिलटं दाखव. वासाच्या आधी चिलटंच येतात.”

पट्ट्या काढून टाकल्या. आता कप्प्यापुढे चिलटं घोंघावतात. एक चिलट म्हणजे दोन पिक्सेल, इकडे-तिकडे भिरभिरणारे. सड वाढली की संख्या वाढते, पण थेट प्रमाणात नाही. पाऊस पडत असला की चिलटं कमी दिसतात आणि आतली सड मात्र वाढत असते. सड फारच झाली की तळाच्या पट्ट्यांमधून पाणी ठिबकायला लागतं आणि जमिनीवर काळपट डाग उमटतो. डाग दिसला म्हणजे उशीर झाला. ज्यांनी फोनमध्ये हालचाली कमी ठेवायची सेटिंग केली आहे त्यांना चिलटं स्थिर ठिपक्यांसारखी दिसतील.

कप्पा फोडून निवडायची सोय आहे: मजुरी लागते, दोन दिवस जातात, सडका फेकला जातो, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी निघते आणि उरलेल्या मालाची सड शून्याजवळ येते. खेळाडूच्या हातात एवढी दोनच हत्यारं: विकणं आणि निवडणं. तिसरं देणार नाही.

पट्टी गेल्यावर खेळ एकदम बदलला. आधी मी आकडे वाचत होते, आता चाळीकडे बघते.

१९ जून, गुरुवार

घड्याळ. ब्राउझरमध्ये टॅब मागे गेला की चित्र काढणारं चक्र थांबतं. साधे टायमर चालू राहतात, पण क्रोममध्ये सेकंदाला एकदाच; आणि टॅब पाच मिनिटांहून जास्त दडलेला राहिला तर मिनिटाला एकदा. म्हणजे खेळाडू व्हॉट्सॲप बघून परत आला की खेळात किती दिवस गेले याचा भरवसा नाही.

दोन रस्ते. परत आल्यावर मधला वेळ मोजून तेवढे दिवस एकदम पुढे ढकलायचे, किंवा टॅब दडला की खेळ थांबवायचा. ‘कुकी क्लिकर’सारखे २०१३ च्या आगेमागे आलेले खेळ पहिल्या पद्धतीवर जगतात: तुम्ही नसताना काहीतरी साचत राहतं, परत येण्यात मजा. ‘फार्मव्हिल’ची तऱ्हा उलटी: वेळेत आला नाहीत तर पीक कोमेजणार. तो खेळ नव्हे, तो हजेरीपट. लोक मध्यरात्री गजर लावून काल्पनिक स्ट्रॉबेऱ्या काढत होते तो काळ मी पाहिलाय.

मी थांबवते. दुधावर लक्ष ठेवायला उठलेल्या माणसाचा कांदा माझ्या खेळात सडणार नाही. घड्याळ ठरावीक पावलांचं ठेवलंय, एक पाऊल म्हणजे खेळातला एक दिवस; चित्र किती वेळा काढलं जातं याचा हिशोबाशी संबंध नाही. स्वस्त फोनवर चित्र अडखळलं तरी कांदा तितकाच सडतो.

२८ जून, शनिवार

भाव. रोजचा सर्वसाधारण भाव हा कालच्या भावापासून थोडा इकडे-तिकडे सरकतो, हंगामाच्या मधल्या पातळीकडे ओढला जातो आणि ती पातळी आवकेवर हलते. मे महिन्यात सगळ्यांनाच पैसे हवे असतात, आवक तुंबते, भाव पडलेला. सप्टेंबरनंतर चाळी रिकाम्या होत जातात आणि नवा लाल कांदा अजून यायचा असतो. तो मधला पट्टा म्हणजे चाळवाल्यांचा आशेचा काळ. लाल कांदा वेळेवर आला तर नोव्हेंबरात आपटतो, दक्षिणेत पावसानं नुकसान झालं तर चढतो.

जावास्क्रिप्टच्या अंगभूत यादृच्छिक आकड्यांना बीज (ज्यावरून पुढचे सगळे आकडे ठरतात तो पहिला आकडा) देता येत नाही, म्हणून मलबेरी३२ हे चार-पाच ओळींचं छोटं गणित वापरलं. त्याला बीज म्हणून आजची तारीख दिली की सगळ्यांना एकच हंगाम मिळतो: तोच पाऊस, तेच भाव. ‘वर्डल’ या रोजच्या शब्दकोड्यानं २०२१ च्या अखेरीस हेच करून दाखवलं होतं, सगळ्यांचं कोडं एक असलं की चर्चा आपोआप होते. तारीख मात्र भारतीय वेळेनं धरली आहे, नाहीतर न्यू जर्सीतली आतेबहीण आणि मी एकाच वेळी वेगवेगळ्या चाळी उपसत बसू.

४ जुलै, शुक्रवार

कांदेनवमी. घरी भजी, थालीपीठ, झुणका, सगळं कांद्याचं. परवा एकादशीपासून आईचा चातुर्मास सुरू, म्हणजे कांदा-लसूण बंद. खेळातल्या भावाशी याचा काही संबंध जोडला नाही. त्या दिवशी चाळीच्या कोपऱ्यात भज्यांची कढई दिसते, एवढंच. कामाचं काही नाही, पण ठेवणार.

१३ जुलै, रविवार

आठवडाभर या एकाच गोष्टीवर अडले होते: सरकारी निर्णय खेळात आणायचे का, आणि कसे.

न आणता चालणार नाही. २०२३ चा हंगाम घ्या. १९ ऑगस्टला, चाळी भरलेल्या असताना, कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यात दर आला आणि ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान दर गेला, शुल्क २० टक्क्यांवर आलं. तेही १ एप्रिल २०२५ ला संपलं. एवढ्या उलथापालथीला वगळून कांद्याचा भाव दाखवायचा म्हणजे समुद्राशिवाय कोळीवाडा.

पण दोन घटका करमणुकीसाठी आलेल्या माणसाला ‘तुमच्या मालाचा भाव आज तिसऱ्या हिश्श्यानं पडला, कारण दिल्ली’ असं सांगितलं की तो टॅब बंद करतो. पहिल्या आवृत्तीत हा निर्णय कोणत्याही दिवशी येऊ शकत होता. ज्यांना ज्यांना खेळायला दिलं त्यांचं एकच म्हणणं: हे अन्यायाचं आहे. मामांना सांगितलं तर ते हसले. “मग? अन्यायाचंच आहे की.”

इथं खरेपणा आणि न्याय यांतलं एक निवडायचं, असं वाटत होतं. तसं नाही. खऱ्या आयुष्यातही हा निर्णय आभाळातून पडत नाही. शहरात किरकोळ भाव चढला, वर्तमानपत्रांत ‘कांद्यानं रडवलं’ सुरू झालं, की दिल्ली हलते. मग खेळातही शक्यता भावालाच बांधली. भाव एका पातळीखाली असेल तर निर्णय येतच नाही. वर चढत गेला की रोजची शक्यता वाढत जाते. शिवाय वरच्या कोपऱ्यात शहरातला किरकोळ भाव दाखवतो, किलोचा, एखाद्या भाजीवाल्याच्या पाटीसारखा. तो वाढताना दिसतो. आधी कुणी इशारा देत नाही, पण ज्याला पाटी वाचता येते त्याला कळतं.

त्यानं खेळाचा कणाच बदलला. आधी ‘भाव वाढेपर्यंत थांबा’ हे एकच शहाणपण होतं आणि फक्त सड त्याच्या आड येत होती. आता भाव वाढणं हाच धोका आहे. चढत्या भावात हात आखडावा की मोकळा सोडावा, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. रात्री आपोआप खेळणारे डाव लावून बघितले: सगळा माल मे महिन्यात विकणारा, शेवटपर्यंत धरून बसणारा, आणि दर आठवड्याला थोडा थोडा काढणारा. थोडा थोडा काढणारा कधीच पहिला येत नाही. पण बुडतही नाही. धरून बसणारा काही हंगामांत सगळ्यांच्या पुढे, काहींत कर्जात.

मामांना नवी आवृत्ती दाखवली. ऑगस्ट आला, भाव चढला, त्यांनी दोन कप्पे विकले आणि तिसऱ्यावर बोट ठेवून थांबले. “आता धाकधूक होते,” म्हणाले. “आता जमलं.”

एक गोष्ट मात्र मुद्दाम केली. शहर वसवायच्या १९८९ च्या ‘सिमसिटी’त आतलं गणित खेळाडूला दिसत नव्हतं, कर किती वाढवला की लोक शहर सोडतात हे अंदाजानं शिकायचं. (२००८ मध्ये त्याचा कोड ‘मायक्रोपोलिस’ नावानं खुला झाला, तेव्हा कुठे सगळ्यांना आत डोकावता आलं.) माझ्याकडे हंगाम संपल्यावर एक पान उघडतं: कोणत्या दिवशी निर्णयाची शक्यता किती होती, कोणत्या कप्प्यात सड कधी लागली, सगळं आलेखात. खेळताना झाकलेलं, संपल्यावर उघडं. हरलेला माणूस ‘मला फसवलं’ म्हणून उठू नये.

२२ जुलै, मंगळवार

फाँट: मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा, मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’. आकार कमी करण्यासाठी न लागणारी अक्षरं काढली, पण जोडाक्षरांचे नियम शाबूत ठेवावे लागतात. नाहीतर ‘क्विंटल’मधला क पाय मोडून उभा राहतो. कॅनव्हास फाँटची वाट बघत नाही, म्हणून फाँट आल्यावरच पहिलं चित्र काढायचं. आकड्यांसाठी ब्राउझरला मराठी सांगितलं की देवनागरी अंक आणि लाखांचे स्वल्पविराम दोन्ही आपोआप येतात: १,८४,५००. फुकट.

२ ऑगस्ट, शनिवार

डोंबिवलीच्या मावशीला लिंक पाठवली. तिच्या फोनवर रत्नं जुळवायचे खेळ आहेत, शेतीशी संबंध बाजारातून पिशवी भरून आणण्यापुरता. बाजूला बसून बघितलं, काही न सांगता.

तिनं पहिला मिनिटभर काहीच विकलं नाही. मग जुलैत डाव्या बाजूच्या कप्प्यावर चिलटं दिसली तशी म्हणाली, “ह्याला काहीतरी लागलंय,” आणि तो कप्पा सरळ सगळा विकून टाकला. निवडला नाही. “सडकं घेऊन कशाला बसायचं?” तिला बाजारात त्याचा भाव कमी मिळाला, तरी उरलेले पाच कप्पे तिनं उत्तम सांभाळले. मग विचारलं, “घरी खायला कुठला ठेवायचा?”

हा प्रश्न मला सुचलाच नसता. आता सुरुवातीलाच एक गोणी बाजूला निघते, घरची. तिचा हिशोबात काही उपयोग नाही. ती विकता येत नाही.

तिला अडचण आली ती विक्रीच्या सरकपट्टीची. अंगठा मोठा, पडदा ३६० पिक्सेल रुंद, आणि ‘१३ क्विंटल’वर नेमकं थांबता येत नव्हतं. सरकपट्टी काढली. तीन बटणं: अर्धा कप्पा, पूर्ण कप्पा, एक ट्रॉली. ट्रॉली २५ क्विंटलची.

१० ऑगस्ट, रविवार

अर्धवट डाव जपून ठेवणं. ब्राउझरची स्थानिक साठवण पुरेशी आहे, माझा अख्खा हंगाम काही किलोबाइटमध्ये बसतो. दोन खाचखळगे. खेळ दुसऱ्या साइटच्या चौकटीत चालवला आणि ब्राउझरनं तिथं साठवण अडवली असेल तर ती नुसती रिकामी मिळत नाही, थेट एरर येते आणि खेळ सुरूच होत नाही. म्हणून प्रत्येक वाचन-लेखन पकडून ठेवलंय. आणि सफारी २०२० पासून, सात दिवस साइटकडे फिरकला नाहीत तर असा साठा पुसून टाकते. त्यासाठी नोंदणी-लॉगिन आणणार नाही. एक छोटा कोड दिसतो, ज्याला हवा त्यानं तो स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवावा.

१७ ऑगस्ट, रविवार

पैशांचा विषय मिटवला. एका ओळखीच्यानं सुचवलं की सड थांबवायला जाहिरात दाखव: तीस सेकंद बघा, कप्पा वाचवा. फोनवरच्या बहुतेक फुकट खेळांचा संसार त्यावरच चालतो. पण मग सड मुद्दाम तेवढी वाढवावी लागते की माणूस जाहिरात बघायला तयार होईल, आणि राजगुरुनगरच्या आकड्यांवर बसवलेले वक्र जाहिरातीच्या दरावर बसवावे लागतील. नाही. खेळ म्हणजे काही स्थिर फायली, त्या गिटहब पेजेसवर फुकट राहतात. खर्च डोमेनच्या नावाचा. तो मी करेन. इच डॉट आयओ या छोट्या खेळांच्या साइटवरही त्यांचीच झिप चढवली.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीच्या सुट्टीत आजोळी सगळी मुलं जमली होती, त्यांच्या हाती खेळ लागला. मागे कुठलाही माग काढणारा कोड नाही, त्यामुळे बाहेर किती जण खेळतात ते मला दिसत नाही. या सात-आठ पोरांचं मात्र डोळ्यांनी दिसलं. एकच रोजचा हंगाम असल्यानं भांडणं लगेच. मोठ्या मामेभावानं शेवटपर्यंत धरला आणि सगळ्यांना मागे टाकलं. दुसऱ्या दिवशीच्या हंगामात त्याच हट्टापायी तळाला गेला.

मामांची एक तक्रार उरली होती, ती आज दूर केली. विक्रीनंतर मी नुसता ‘रु. ३२,५००’ आकडा दाखवत होते. “पट्टी कुठंय?” आता बाजार समितीच्या हिशोबपट्टीसारखा कागद निघतो: वजन, भाव, मग वजा हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं. आडत (आडत्याचं कमिशन) त्यात नाही. २०१६ पासून ती खरेदीदाराकडून घेतात. पोरांना ही पट्टी सगळ्यांत आवडली, कारण कमी माल घेऊन गेलं तरी गाडीभाडं तेवढंच कापलं जातं हे त्यांना तिथं दिसलं. लगेच दोघांनी एकत्र ट्रॉली न्यायची मागणी केली.

ती मागणी पुढच्या आवृत्तीत घेतेय. दोन फोन जोडायला सर्व्हर लागेल, आणि तो नकोय. म्हणून एकाच फोनवर दोन चाळी, आळीपाळीनं. राहिलेली इतर कामं: डाव मध्येच सोडून परत आल्यावर पावसाचा आवाज सुरू होत नाही (ब्राउझर बोट लागल्याशिवाय आवाज सोडत नाही, तेव्हा ‘पुढे चालू’ बटणालाच तो बांधायचा), आणि लिलाव बंदच्या दिवसांत विक्रीची बटणं नुसती फिकी होतात, त्यांच्यावर कारण लिहायचं.